मुलीचे एकविसावे वर्ष, आईचा १ जून आणि सातबाऱ्यावरचे नाव

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत एक समजूत पुन्हा पुन्हा दिसली. घरातल्या एकाचे काम मार्गी लागले की बाकीचे त्याच्या मागोमाग आपोआप मार्गी लागतात, असे बहुतेकांनी धरून ठेवले आहे. आपण कुटुंब म्हणजे एक रेशनकार्ड समजतो. अमेरिकेचा स्थलांतर कायदा मात्र त्या कार्डावरचे प्रत्येक नाव वेगळे मोजतो आणि प्रत्येक नावासमोर वेगळी तारीख लिहितो. खालची उत्तरे वाचताना आपापल्या घरातल्या प्रत्येकाची तारीख कोणती, हे शेजारी कागदावर लिहीत जावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : आम्ही २०१० साली पुण्याहून न्यू जर्सीला आलो तेव्हा आमची मुलगी चार वर्षांची होती. माझ्या कंपनीने २०१६ साली ईबी-२ या उच्चशिक्षित नोकरदारांच्या प्रवर्गात माझ्यासाठी ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू केली आणि आय-१४० हा कंपनीचा अर्ज मंजूरही झाला, परंतु रांगेतली आमची तारीख अद्याप आलेली नाही. मुलगी आता २० वर्षे ४ महिन्यांची असून विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला शिकते. आय-१४० मंजूर झाल्यामुळे मुलीचे वय तेव्हाच गोठले, असे एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे का?
— एक वडील, एडिसन

उत्तर : हे खरे नाही, आणि या गैरसमजापायी मी अनेक कुटुंबांना हातातला वेळ घालवताना पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

नोकरीच्या आधारावर दिली जाणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. शिवाय या आकड्यात केवळ नोकरी करणारा मोजला जात नाही, तर त्याची पत्नी आणि मुलेही एकेक करून मोजली जातात. त्यामुळे २०१६ साली रांगेत उभे राहिलेले तुम्ही आजही रांगेतच आहात आणि दरम्यान मुलीचे वय मात्र वाढत राहिले आहे. तुमच्या अर्जात ती 'मूल' म्हणून येते, आणि या कायद्यात मूल म्हणजे २१ वर्षांखालील अविवाहित व्यक्ती.

या अन्यायावर काही प्रमाणात उपाय म्हणून ऑगस्ट २००२ मध्ये बालदर्जा संरक्षण कायदा झाला. त्याची पद्धत वजाबाकीची आहे. तुमची तारीख येऊन व्हिसा उपलब्ध होईल त्या दिवशी (आय-१४० मंजूर झालेलाच असल्याने तुमच्या बाबतीत हाच दिवस) मुलीचे जे वय असेल, त्यातून तुमचा आय-१४० अर्ज दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंत जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा करायचे. उत्तर २१ वर्षांच्या आत आले, मुलगी अविवाहित असली आणि व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत तिने ग्रीन कार्डासाठी पाऊल उचलले, तर ती 'मूल' राहते. म्हणजे वय गोठते ते व्हिसा उपलब्ध होण्याच्या दिवशी, आय-१४० च्या मंजुरीच्या दिवशी नव्हे.

आता कपाटातून आय-७९७ हे मंजुरीचे सूचनापत्र काढा. त्यावर अर्ज पोचल्याची आणि मंजुरीची अशा दोन्ही तारखा छापलेल्या असतात. या दोन तारखांमध्ये सात महिन्यांचे अंतर असेल, तर मुलगी २१ वर्षे ७ महिन्यांची होईपर्यंत तुमच्या हाताशी वेळ आहे, म्हणजे आजपासून साधारण सव्वा वर्ष. पण कंपनीने जास्तीचे शुल्क भरून अर्ज तातडीच्या प्रक्रियेत टाकला असेल आणि तो दोन-तीन आठवड्यांत मंजूर झाला असेल, तर वजा करायला तेवढेच दोन-तीन आठवडे मिळतील. त्या वेळी घाई केली याचा आनंद झाला होता आणि आज त्याच घाईने मुलीचे दिवस कमी केले, हे एका आईला सांगताना मला फार जड गेले होते. आय-१४० च्या आधी श्रम खात्याच्या प्रमाणपत्रात गेलेला काळ या वजाबाकीत धरला जात नाही, हेही लक्षात ठेवा.

व्हिसा उपलब्ध झाला हे कोणत्या तक्त्यावरून ठरवायचे, हा प्रश्नही मध्यंतरी बदलला. परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात : एक अर्ज दाखल करण्याच्या तारखांचा आणि दुसरा अंतिम कारवाईच्या तारखांचा. पहिला तक्ता साधारणपणे पुढे असतो. फेब्रुवारी २०२३ पासून स्थलांतर सेवा खाते वयाच्या हिशेबासाठी हा पहिला तक्ता धरू लागले होते आणि त्यामुळे बरीच मुले वाचली. मात्र १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी पुन्हा अंतिम कारवाईचा तक्ताच धरला जातो. त्याआधीच्या काळातले लेख वाचून हिशेब मांडला असेल, तर तो नव्याने मांडा.

याहून तातडीची गोष्ट तिच्या एच-४, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या, दर्जाची आहे. बालदर्जा संरक्षणाची वजाबाकी एच-४ ला लागू होत नाही. ज्या दिवशी ती प्रत्यक्ष २१ वर्षांची होईल, त्या दिवशी तिचा एच-४ संपेल, मग वजाबाकीनुसार ती आणखी सात महिने 'मूल' असली तरीही. म्हणून येत्या आठ महिन्यांत तिने स्वतःचा दर्जा मिळवणे आवश्यक आहे, आणि तिच्या बाबतीत तो एफ-१ म्हणजे विद्यार्थिदर्जा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन तिने आय-२० हे प्रवेशाचे प्रमाणपत्र मागावे आणि दर्जा बदलाचा आय-५३९ अर्ज वाढदिवसाच्या कितीतरी आधी दाखल करावा. एच-४ वर तिला कोणतीही नोकरी करता येत नव्हती. एफ-१ वर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत विद्यापीठाच्या आवारात काम करता येते, पदवीनंतर वर्षभर अनुभवासाठी नोकरी करता येते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाचा विषय असेल तर त्याला आणखी २४ महिन्यांची जोड मिळते. मात्र फीच्या सवलतीवर परिणाम होतो का, हे अर्जाआधी विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या, कारण प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे.

तारीख वेळेत आलीच नाही, तर तुम्हाला ग्रीन कार्ड मिळाल्यावर तुम्ही तिच्यासाठी प्रौढ अविवाहित अपत्य म्हणून वेगळा अर्ज करू शकता. ती रांगही काही वर्षांची आहे आणि तुम्ही नागरिक होण्याआधी तिने लग्न केले तर तो अर्ज रद्द होतो. तुमची २०१६ ची तारीख तिला वारशाने मिळत नाही.

कायदेशीर मार्गाने आणलेल्या मुलांची ही अवस्था मला मनापासून खटकते. लहानपणी अमेरिकेत आलेल्यांसाठीच्या २०१२ च्या डाका योजनेत १५ जून २०१२ रोजी ज्यांच्याकडे कायदेशीर दर्जा नव्हता त्यांनाच संरक्षण मिळाले. ज्यांच्या आईवडिलांनी प्रत्येक कागद वेळेवर भरला त्यांची मुले नेमकी त्यामुळेच बाहेर राहिली. त्यांच्यासाठी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, विधेयके मांडली गेली आहेत. तुमच्या मतदारसंघातल्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला मुलीने स्वतः पत्र लिहावे. मतदानाचा हक्क नसला तरी तिथे राहणाऱ्या कोणालाही हे पत्र लिहिता येते, आणि प्रश्न ज्याचा आहे त्याच्या हातचे पत्र वाचले जाते.

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, एच-१बी वर नोकरी करतो. ईबी-२ मध्ये माझी तारीख २०१९ ची आहे. गेल्या वर्षी आमचे लग्न झाले. पत्नीचे वडील ओमानमध्ये नोकरीला असल्यामुळे तिचा जन्म मस्कतचा आहे. ती तीन वर्षांची असताना ते सगळे ठाण्याला परतले. तिचा पासपोर्ट भारतीयच आहे. जन्मस्थान मस्कत असल्याने पुढे काही अडचण येईल का?
— एक वाचक, सिएटल

उत्तर : अडचण येणार नाही, उलट तुमच्या घरातली सर्वांत मोलाची नोंद तीच आहे, आणि तुम्ही ती केवळ काळजीपोटी सांगितलीत.

रांग ठरते ती जन्माच्या देशावरून, नागरिकत्वावरून नव्हे. पती-पत्नी वेगवेगळ्या रांगांमुळे विभागले जाऊ नयेत म्हणून कायदा एकाला दुसऱ्याच्या जन्मदेशाच्या रांगेत उभे राहण्याची मुभा देतो. त्यामुळे अर्ज तुमच्या नोकरीचा असला तरी तुम्ही भारताऐवजी ओमानच्या हिशेबात मोजले जाण्याची मागणी करू शकता. बुलेटिनमध्ये ओमानचा वेगळा रकाना नसतो. तो 'इतर सर्व देश' या रकान्यात येतो, आणि ती रांग भारताच्या रांगेपेक्षा कितीतरी वर्षांनी पुढे आहे. या महिन्याच्या बुलेटिनमधील त्या रकान्यात तुमची २०१९ ची तारीख बसते का, हे आजच पाहा आणि कंपनीच्या वकिलांना स्पष्ट शब्दांत लेखी कळवा. लग्नाआधीच्या फाइलमध्ये पत्नीचे जन्मस्थान नसल्याने ते आपणहून त्यांच्या लक्षात येणार नाही.

दोघांनी ग्रीन कार्डाचे आय-४८५ अर्ज एकत्र दाखल करावेत, कारण तुम्ही तिच्या जन्मदेशाचा आधार घेत आहात आणि तो तिच्या अर्जाबरोबरच चालतो. मस्कतचा जन्मदाखला इंग्रजी भाषांतरासह, जन्मस्थान छापलेले पासपोर्टचे पान आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हे तीन कागद एकत्र जोडा. ही सवलत मुलाकडून आईवडिलांकडे मात्र येत नाही. मुलाचा जन्म दुबईत झाला म्हणून आईवडिलांची रांग बदलत नाही.

प्रश्न : मी अमेरिकेचा नागरिक असून डॅलसजवळ राहतो. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. आई ७२ वर्षांची असून वाईला एकटी असते. तिच्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा आहे. तिची इच्छा सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे राहण्याची आहे. तिचा जन्मदाखला नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून ही तारीख आणि माहेरचे नाव आहे; माझ्या जन्मदाखल्यावर सासरचे नाव आहे, आणि लग्नात तिचे पहिले नावही बदलले होते. यातून मार्ग कसा काढावा?
— एक मुलगा, टेक्सास

उत्तर : आधी कागदांचे सांगते, मग त्याहून महत्त्वाचे.

नागरिक झालेल्या, २१ वर्षांवरील अपत्याच्या आईवडिलांना वार्षिक मर्यादा लागू नाही, त्यामुळे इथे रांगेचा प्रश्न नाही. केवळ ग्रीन कार्ड असलेल्याला मात्र आईवडिलांसाठी अर्ज करताच येत नाही. नातेवाइकासाठीच्या आय-१३० अर्जाबरोबर लागतो तो तुमचा जन्मदाखला, ज्यावर आईचे नाव आहे. आईचा स्वतःचा जन्माचा पुरावा पुढच्या टप्प्यावर, मुंबईतील वाणिज्य दूतावासाच्या मुलाखतीआधी मागितला जातो.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा आहे. त्याआधी गावात घरी जन्मलेल्या मुलीची नोंद नसणे ही अपवादाची गोष्ट नाही, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिला, हे तर त्या पिढीतल्या असंख्य दाखल्यांवर दिसते. त्या तारखेची लाज बाळगू नका आणि ती 'दुरुस्त' करण्याच्या भरीसही पडू नका. पासपोर्ट, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर १ जून असेल तर तीच तारीख सर्वत्र कायम ठेवा. घाईने नवा जन्मदाखला काढून त्यावर घरच्यांच्या आठवणीतली श्रावणातली तारीख घातली, तर जी विसंगती नव्हती ती तुम्हीच निर्माण कराल. जन्म झाला त्या गावच्या ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून जन्माची नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घ्या, त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडा आणि आईला जन्मापासून ओळखणाऱ्या दोन वडीलधाऱ्या व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे करा. एखादी मावशी किंवा मामा हयात असतील तर हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

नावाचा प्रश्न परदेशी अधिकाऱ्याला खरोखरच समजत नाही. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले आणि त्या दिवसापासून मुलगी कागदोपत्री दुसरी व्यक्ती झाली, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून आईच्या प्रतिज्ञापत्रात हे साध्या वाक्यांत लिहा : विवाहापूर्वी माझे संपूर्ण नाव अमुक होते, अमुक तारखेच्या विवाहानंतर ते तमुक झाले, आणि ही दोन्ही नावे माझीच आहेत. विवाह नोंदलेला नसल्यास लग्नपत्रिका आणि तेव्हाचे छायाचित्र जोडता येते. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केला असेल तर अधिक चांगले.

आय-८६४ या हमीपत्राने तुम्ही तुमच्या कुटुंबाच्या आकारानुसार दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवून आईच्या भरणपोषणाची कायदेशीर जबाबदारी घेता. ती नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावे साधारण दहा वर्षांच्या कामाच्या नोंदी होईपर्यंत ही जबाबदारी संपत नाही. मेडिकेअर पहिल्या दिवसापासून मिळत नाही. ६५ वर्षांवरील व्यक्तीला ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर हप्ते भरून ते घेता येते. मधल्या पाच वर्षांचा विमा कोणता आणि तो महिन्याला किती डॉलर नेईल, याची चौकशी अर्जाआधी करा.

आता महत्त्वाचे. सहा महिने इथे, सहा महिने तिथे ही व्यवस्था ग्रीन कार्डाशी जुळणारी नाही. ते कार्ड म्हणजे हा देशच माझे कायमचे घर आहे, असे सांगणे होय. एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसत्या कार्डावर परत येता येत नाही, आणि त्याहून कमी पण वारंवार बाहेर राहिल्यास विमानतळावर प्रश्न विचारले जातात. दीर्घ मुक्काम अटळ असेल तर पुनर्प्रवेश परवान्यासाठी आय-१३१ अर्ज आई अमेरिकेत असतानाच करावा लागतो. तो दोन वर्षांपर्यंतचा मिळतो. विमानतळावर कोणी आय-४०७ हा कार्ड परत करण्याचा कागद पुढे केला, तर आईने घाबरून सही करू नये. स्थलांतर न्यायाधीशापुढे आपली बाजू मांडण्याचा तिला हक्क आहे, आणि हे एक वाक्य मराठीत व इंग्रजीत लिहून तिच्या पर्समध्ये ठेवा.

ज्या आईचे शेजारीपाजारी, भिशीच्या मैत्रिणी, गणपतीचे देऊळ आणि घाटावरचे फिरणे सगळे वाईत आहे, तिच्यासाठी दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा अधिक सोयीचा ठरतो. त्यावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येते. मात्र एकदा आय-१३० दाखल केला की पर्यटक व्हिसा नव्याने मिळणे कठीण होते, म्हणून हा निर्णय आधी घ्यावा लागतो. तो घेताना तुम्ही, तुमची पत्नी आणि वकील एवढेच बसू नका. फोनवर, निवांत वेळी, आईला विचारा की तिला घर कुठे हवे आहे.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची असून गेली १६ वर्षे ग्रीन कार्डावर आमच्याकडे आहे. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून ती नागरिकत्वाच्या परीक्षेला घाबरते. काही सवलत आहे का?
— एक मुलगी, शिकागो

उत्तर : आहे. वय ५५ आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षे, किंवा वय ५० आणि २० वर्षे झालेल्यांना इंग्रजीची अट माफ असते. आई दुभाष्याच्या मदतीने नागरिकशास्त्राची परीक्षा मराठीत देऊ शकते. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या संचातून २० पर्यंत प्रश्न विचारले जातात आणि १२ बरोबर यावे लागतात. चार वर्षांनी तिची २० वर्षे पूर्ण झाल्यावर ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठीच्या छोट्या, २० प्रश्नांच्या यादीतून १० प्रश्न विचारले जातील आणि ६ उत्तरे पुरतील. माझे मत विचाराल तर थांबू नका. आज पाठांतर होते आहे. रोज स्वयंपाक करताना पाच प्रश्न नातवाने मराठीत विचारावेत.

तिची भीती घालवायला इतिहासही सांगा. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस या देशाचा नागरिक होण्यास पात्रच नाही असा निर्णय दिला होता, आणि ते दार १९४६ च्या कायद्याने उघडले, तेही वर्षाला १०० जणांच्या कोट्यासह. ज्या खुर्चीत ती मुलाखतीला बसणार आहे, ती आपल्या माणसांनी फार कष्टाने मिळवलेली आहे.

प्रश्न : माझी नागरिकत्वाची मुलाखत झाली असून शपथविधीची तारीख यायची आहे. मुलगा १७ वर्षे १० महिन्यांचा आहे, त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे. त्याला वेगळा अर्ज करावा लागेल का?
— एक आई, अटलांटा

उत्तर : तुमची शपथ त्याच्या अठराव्या वाढदिवसाआधी झाली, तर करावा लागणार नाही. आई किंवा वडील यांपैकी एक जण नागरिक झाला आणि त्या वेळी मूल १८ वर्षांखाली, ग्रीन कार्डधारक आणि त्या पालकाच्या ताब्यात अमेरिकेत राहत असेल, तर २००० च्या कायद्यानुसार ते त्याच क्षणी नागरिक होते. शपथ एक दिवस उशिरा झाली तर त्याला स्वतःचा नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज, स्वतःची पाच वर्षे आणि स्वतःची परीक्षा. म्हणून आजच वाढदिवसाची तारीख स्पष्ट लिहून, जन्मदाखल्याची प्रत जोडून, शपथविधी लवकर मिळावा अशी लेखी विनंती करा. गरज पडल्यास तुमच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या कार्यालयाची मदत घ्या. अशी चौकशी हे त्यांचे नेहमीचे काम आहे. शपथ झाल्यावर लगेच मुलाचा अमेरिकी पासपोर्ट काढून ठेवा.

प्रश्न : मी २०१८ साली अमेरिकेची नागरिक झाले. वडील गेल्या वर्षी वारले. कराड तालुक्यात त्यांची वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे. भाऊ म्हणतो, तू आता परदेशी नागरिक आहेस, तुझे नाव सातबाऱ्यावर लागणारच नाही, तेव्हा हक्कसोडपत्र करून दे. माझा जुना भारतीय पासपोर्ट अजून माझ्याकडेच आहे.
— एक बहीण, कॅलिफोर्निया

उत्तर : भावाचे म्हणणे कायद्याला धरून नाही.

२००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि तो जन्माने आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा स्पष्ट केले. नागरिकत्व बदलल्याने तो हक्क जात नाही. परकीय चलनाच्या नियमांनुसार परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला, म्हणजे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकाला, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून ती वारशाने मिळू शकते. या दोन गोष्टींची सरमिसळ अनेक जण करतात, काही अजाणतेपणी आणि काही जाणूनबुजून. पुढे ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल, आणि महाराष्ट्रातल्या कूळ कायद्यामुळे घेणारा शेतकरी असावा लागेल.

वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवरून, अर्ज करायचा असतो आणि सर्व वारसांची नावे त्यात द्यायची असतात. तुमचे नाव वगळून फेरफार झाला आहे का, हे महाभूलेख या संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून आज रात्रीच पाहता येईल. नोंद प्रमाणित झालेली नसेल तर मंडळ अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या. झालेली असेल तर प्रांताधिकाऱ्याकडे अपील करा. स्वतः येता येत नसेल तर वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवा. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते. 'सर्व अधिकार' देणारे मुखत्यारपत्र कोणालाही देऊ नका. गट क्रमांक लिहिलेले, एवढ्या एका कामापुरतेच द्या.

हक्कसोडपत्र करावे की नाही हा तुमचा आणि भावाचा घरचा प्रश्न आहे. आईला शेवटपर्यंत भावाने पाहिले म्हणून बहिणीने आनंदाने हक्क सोडला, असेही मी पाहिले आहे. पण तो आनंदाने सोडायचा असतो, 'तुझा हक्कच नाही' असे ऐकून नव्हे.

जुन्या पासपोर्टबद्दल मात्र तुमचीच चूक झाली आहे आणि ती लवकर सुधारा. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे अमेरिकेची शपथ घेतली त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपले. पासपोर्ट कपाटात ठेवल्याने ते टिकत नाही. त्या पासपोर्टवर पुन्हा प्रवास करू नका, तो परत करून प्रमाणपत्र घ्या. ओसीआय कार्ड त्याशिवाय मिळणार नाही, आणि तलाठ्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे तेच तुमचे ओळखपत्र ठरणार आहे.

प्रश्न : मी एच-४ वर आहे. पती मारहाण करतात. माझा पासपोर्ट त्यांच्या कुलुपात आहे. पोलिसांकडे गेलीस तर तुझा व्हिसा रद्द करून परत पाठवीन, असे ते म्हणतात. कृपया माझे नाव व गाव छापू नये.

उत्तर : ताई, तुमचे पत्र मिळाले त्या दिवशीच हे उत्तर लिहायला घेतले.

पतीला तुमचा व्हिसा रद्द करण्याचा अधिकार नाही. तो निर्णय सरकारचा असतो. मारहाण हा या देशात गुन्हा आहे, मग मार खाणारी कोणत्याही व्हिसावर असो. जिवाला धोका वाटेल त्या क्षणी ९११ ला फोन करा. इंग्रजी जमत नसेल तर फक्त 'मराठी' किंवा 'हिंदी' एवढे म्हणा, दुभाषी जोडून दिला जातो. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १-८००-७९९-७२३३ हा आहे आणि तो चोवीस तास चालतो. न्यू जर्सीतली मानवी ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीच काम करते आहे. हे फोन पतीच्या खात्यावरच्या मोबाइलवरून करू नका. ग्रंथालयातून किंवा शेजारणीच्या फोनवरून करा.

एच-१बी धारकाकडून छळ होणाऱ्या पत्नीला स्वतःच्या नावे काम करण्याचा परवाना मागता येतो. तो आय-७६५व्ही हा अर्ज, आणि त्यासाठी पतीची सही लागत नाही. घटस्फोट झाला तरी, तो छळाशी निगडित असेल तर, दोन वर्षांच्या आत हा अर्ज करता येतो. पती ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक असता तर तुम्हाला स्वतःहून ग्रीन कार्डाचा अर्ज करता आला असता. तो मार्ग एच-४ वर उघडा नाही, हे तुम्हाला खरे सांगितले पाहिजे. मात्र तुम्ही पोलिसांना तपासात मदत केलीत तर गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या यू व्हिसासाठी पात्र ठरू शकता. तो वर्षाला १०,००० जणांनाच मिळतो आणि प्रतीक्षा मोठी आहे, म्हणून घटस्फोटाच्या कागदांवर सही करण्याआधी स्थलांतराच्या वकिलाला भेटा. मदतवाहिनी मोफत वकिलाचा पत्ता देते.

पासपोर्टसाठी घरात वाद घालू नका. त्याचे पहिले व शेवटचे पान, व्हिसाचे पान आणि तुमचा आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) यांचे फोटो मिळत असतील तर विश्वासातल्या मैत्रिणीला पाठवून ठेवा. आय-९४ सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून पासपोर्ट क्रमांक टाकून पुन्हा काढता येतो. पासपोर्ट हाती येतच नसेल तर पोलिसांत तशी नोंद करा. तिच्या आधारे भारतीय वकिलात तुमच्या नावे नवा पासपोर्ट देते, आणि त्या अर्जावर सही फक्त तुमची लागते.